गीझरची कॉइल बदलायच्या आधी

गीझरची कॉइल घरीच बदलायची ठरवली असेल तर पाना शोधायच्या आधी गच्चीवर जा आणि टाकीत पाणी किती आहे ते बघा. ज्या दिवशी सोसायटीची टाकी धुवायला काढलीय, टँकर दुपारनंतर येणार आहे, किंवा तुमच्या भागात गुरुवारी पाणी बंद असतं, त्या दिवशी हे काम काढूच नका. नवी कॉइल बसली की बटण दाबायच्या आधी गीझर पाण्याने पूर्ण भरलेला पाहिजे. ही गोष्ट मी पुढे परत सांगणार आहे, कारण मागच्या वेळी नटापासून वायरपर्यंत सगळं बरोबर झालं होतं, फक्त गीझर भरायचा राहिला होता, आणि नवीकोरी कॉइल पहिल्याच वेळी जळाली.

हे सगळं १५ किंवा २५ लिटरच्या, भिंतीवर उभ्या लावलेल्या साध्या गीझरबद्दल आहे. तीन लिटरचे इन्स्टंट गीझर वेगळे, त्यांचं इथे काही नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर हात लावू नका, कंपनीचा माणूस बोलवा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लग काढून ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

मुळात कॉइलच गेलीय का, हे नक्की करा. पाणी तापत नाही म्हटल्यावर लोक थेट दुकानात जातात, आणि बऱ्याचदा नुसता कटआउट, म्हणजे गीझर फार तापला की वीज तोडणारा स्विच, उडालेला असतो. प्लग काढून कव्हर उघडा. थर्मोस्टॅटजवळ एक छोटं बटण असतं, ते दाबून टक् आवाज आला तर कटआउट उडाला होता. पण तो का उडाला हे बघावंच लागतं. क्षार चढलेत, थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर गीझर रिकामा चालला. नंतर कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टीमीटर लावा. २३० व्होल्टवर २००० वॉटची कॉइल चांगली असेल तर साधारण २६ ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. मग एक टोक कॉइलच्या टर्मिनलला आणि दुसरं टाकीच्या धातूला लावा. इथे काहीही आकडा दिसला तर कॉइलची नळी फुटून करंट बॉडीत उतरतोय. बटण दाबल्यादाबल्या एमसीबी पडतो तो बहुतेक यामुळेच. मल्टीमीटर नसेल तर आणा. अंदाजाने कॉइल बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

वीज बंद करणं सगळ्यांना माहीत असतं, तरी दोन शब्द. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, मग बटण बंद असूनही कॉइलवर फेज असतो. प्लग काढा, एमसीबी पाडा, आणि टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का बघा, मगच गीझरच्या वायरींना लावा. काढलेल्या प्लगच्या पिनांवर चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, ‘पाणी भरलं का?’ घरातलं कुणीतरी आंघोळीला जाताना सवयीने प्लग लावून बटण दाबतं. ते होऊ नये म्हणून ही पट्टी, आणि शेवटी ती काढताना प्रश्न तुमच्याही डोळ्यांसमोर यावा म्हणून.

सामानात पाने, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, दोन बादल्या, जुनी फडकी आणि डगमगणार नाही असा घोडा. स्टुलावर स्टूल नको. आणि चष्मा, साधा असला तरी चालेल. कॉइल खालून बसवलेली असते, तुम्ही मान वर करून नट सोडता आणि आत उरलेला गाळ सरळ डोळ्यांत येतो.

पाणी काढायच्या आधी ते गार होऊ द्या. थंड पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा. नुसता नळ उघडून टाकी रिकामी होत नाही, कारण गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकाकडून एका नळीतून खाली येतं. नळाचा उपयोग आत हवा जायला होतो. पाणी काढायला थंड पाण्याच्या बाजूचा पाइप सोडवावा लागतो, आणि तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी उलटं येऊ देत नाही, म्हणून तोही सोडवा किंवा त्याची दांडी उचला. १५ लिटर म्हणजे १५ किलो पाणी, एका बादलीत मावत नाही. पाणी वरच्या टोकाकडून बाहेर पडतं हे डोक्यात ठेवा, भरताना त्याचाच उपयोग आहे.

वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, एक जवळून, एक लांबून. मग नट सोडवा. शेवटचे दोन नट सावकाश, खाली बादली धरून.

जुनी कॉइल बाहेर आली की कारण समोर दिसतं. बोअरच्या पाण्याची असेल तर नळ्यांवर क्षाराचा जाड पांढरा थर असतो, बोटाने दाबला की खपल्या निघतात. पाणी तापलं की त्यातले क्षार कॉइलवरच बसतात, थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, आणि आतली तार स्वतःच्याच तापाने तुटते. नळी कुठे उकललेली असेल तर फटीत पांढरट भुकटी दिसेल. ते मॅग्नेशियम ऑक्साइड, तार नळीला टेकू नये म्हणून ठासून भरलेलं असतं. कोरडी जळालेली कॉइल मात्र वेगळी ओळखू येते. क्षाराचा थर नाही, नळी काळीनिळी पडलेली आणि फुगून फाटलेली. २००० वॉटची उष्णता घ्यायला पाणीच नसतं. थर्मोस्टॅटला कळून तो बंद होईपर्यंत नळी लाल झालेली असते. त्यात दुकानदाराची चूक नसते, कंपनीचीही नसते, आणि अशी कॉइल कुणी बदलूनही देत नाही.

दुकानात जुनी कॉइल सोबत न्या. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. कॉइल ज्या तबकडीवर बसलेली असते तिचा व्यास, नटांची भोकं, थर्मोस्टॅटची नळी, सगळं ताडून बघायचं असतं. वॉट तेवढेच घ्या. लवकर तापेल म्हणून ३००० वॉटची घेतली तर ९ च्या जागी १३ अँपिअर जातील आणि जुनी वायरिंग तापेल. कॉइलबरोबर नवीन गॅस्केट घ्याच, जुनं रबर दबून कडक झालेलं असतं. मॅग्नेशियमचा रॉडही काढून बघा. टाकीच्या पत्र्याऐवजी तो झिजावा म्हणूनच तो तिथे असतो. बारीक काडी उरली असेल तर बदला. लोक कॉइल तीनदा बदलतात आणि रॉडकडे बघतही नाहीत, मग टाकीच गळायला लागते.

टाकीतला गाळ हाताने आणि पाण्याने काढा. छिन्नी, हातोडी, तारेचा ब्रश आत घालू नका. आतून काचेचा लेप असला तर टवका उडेल आणि तिथूनच गंज धरेल. संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको. गॅस्केट बसतं ती कड मात्र फडक्याने लख्ख पुसा, एक खडा राहिला तरी पाणी झिरपतं. नट आमनेसामने आवळा, आधी सगळे हलके, मग पुन्हा एकेक फेरी. ओळीने आवळले की तबकडी तिरकी बसते.

आता पाणी. वायरी अजून जोडायच्या नाहीत. आधी टाकी भरायची, मग गळती बघायची, मग वायरी, हाच क्रम ठेवा. वायरच जोडलेली नसेल तर चुकूनही बटण दाबलं जाण्याची भीती नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पाइप परत बसवा, गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा ठेवा, थंड पाण्याचा कॉक सोडा. आधी नुसती हवा येईल, मग फरफर करत थुंकल्यासारखं पाणी, आणि मग अखंड धार. ती धार मिनिटभर सलग चालली की टाकी भरली. बाजूच्या थंड नळाला पाणी आहे म्हणजे गीझर भरला असं नाही. पाइपमधून खळखळ ऐकू आली म्हणजेही नाही. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार, एवढी एकच खूण धरा. मधेच पाणी गेलं तर काम तिथेच थांबवा, पट्टी प्लगवर राहू द्या, रात्री पाणी आलं की पुढचं करा. एक दिवस बादलीत पाणी तापवून आंघोळ झाली तरी चालते.

अर्धा तास थांबा. कोरडा कागद तबकडीच्या कडेने फिरवा. ओला झाला तर नट अजून थोडे.

मग फोटो बघून वायरी, अर्थची सगळ्यात आधी, टर्मिनल घट्ट. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नको, क्षार जास्त चढतात. कव्हर. नळ परत एकदा उघडा, धार आहे ना? मगच पट्टी काढा आणि प्लग लावा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर जायला २००० वॉटला वीसेक मिनिटं लागतात, पाचव्या मिनिटाला हात घालून गार आहे म्हणून पुन्हा उघडू नका. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका, पाणी प्रसरण पावतं, आणि ते तोंड कधीही बंद करू नका. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर, प्लग काढून, नट एकदा बघून घ्या.