क्रूझरचा पुढचा फोर्क खाली घेताना

क्रूझर मोटरसायकलचं नाक खाली आणायचे दोन सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे फोर्क पाइप ट्रिपल क्लॅम्पमधून (फोर्कला फ्रेमशी जोडणाऱ्या वरच्या आणि खालच्या पकडीतून) वर सरकवणं, दुसरा म्हणजे फोर्क उघडून आत स्पेसर, म्हणजे अंतर भरणारी छोटी नळी, घालणं. गाडी दोन्हींत सारखीच दिसते, हिशेब मात्र उलटा आहे. पाइप 20 मिमी सरकवला तर सस्पेन्शनची चाल (फोर्क जितका दबू शकतो ते अंतर) शाबूत राहते, पण फोर्क पूर्ण दबला की चाक आणि मडगार्ड खालच्या क्लॅम्पच्या 20 मिमी जास्त जवळ येतात. स्पेसर घातला तर वर ती जागा तशीच राहते, चाल मात्र कमी होते. 130 मिमीतून 40 गेले की 90 उरतात, आणि मोठ्या खड्ड्यात फोर्क तळाला आपटतो.

पाइप सरकवायचा असेल तर तो हलवण्याआधी मोकळीक मोजा. गाडी फ्रेमखाली जॅक लावून उचला, सायलेन्सरखाली नको. वरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून मगच फोर्कची कॅप सैल करा, नाहीतर ती हलत नाही. शेवटच्या आट्यांना कॅप खाली दाबून धरा, खाली स्प्रिंग दाबलेली असते. दोन्ही स्प्रिंग काढून जॅक हळूहळू उतरवा, फोर्क पूर्ण बसू द्या. आता मडगार्ड आणि खालचा क्लॅम्प यांच्यात किती जागा उरली ते पाहा. हॉर्न आणि रेडिएटरकडेही नजर टाका, हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून. 35 मिमी असेल तर 20 सरकवायला हरकत नाही. 25 असेल तर 10 वर थांबा.

मापं जमली तर स्प्रिंग परत घाला आणि पुढचं चाक हवेत ठेवूनच काम करा. एक्सलचा पिंच बोल्ट (एक्सल आवळून धरणारा) सैल, मग खालच्या क्लॅम्पचे बोल्ट. पाइप अडकलाच तर क्लॅम्पच्या खाचेत सपाट स्क्रूड्रायव्हर हलकेच घाला, हातोडी नको. दोन्ही बाजूंचा पाइप वर किती आला ते व्हर्नियरने मोजा. 1 मिमीपेक्षा जास्त फरक राहिला तर एक्सल तिरका बसून फोर्क अडखळतो. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा, आणि एका क्लॅम्पला दोन असतील तर आळीपाळीने दोन-तीन फेऱ्या. नंतर चाक जमिनीवर टेकवून फोर्क चार-पाच वेळा दाबा, एक्सलचा पिंच बोल्ट सगळ्यांत शेवटी.

बऱ्याच क्रूझरवर पाइप वरच्या क्लॅम्पच्या खालीच संपतो आणि कॅपनेच धरलेला असतो. तिथे सरकवायला जागाच नाही, स्पेसरच घालावा लागतो. पुढचं वर्णन साध्या डॅम्पर रॉडच्या (आत भोकं असलेला एक दांडा) फोर्कचं आहे. कार्ट्रिज फोर्कची रचना वेगळी असते.

तळाचा ॲलन बोल्ट कॅप आणि स्प्रिंग जागेवर असतानाच सैल करा. स्प्रिंग काढल्यावर आतला रॉड बोल्टबरोबर गरगर फिरत बसतो. रॉडच्या डोक्याखाली जी छोटी टॉप-आउट स्प्रिंग (फोर्क पूर्ण लांबताना धक्का झेलणारी) असते तिच्याबरोबर स्पेसर बसतो. तो पाइपच्या आत सैल फिरेल इतपत बारीक हवा आणि दोन्ही टोकं काटकोनात घासलेली हवीत.

आता खरी चूक होते ती इथे. 30 मिमी स्पेसर घातला की मुख्य स्प्रिंगवरचा प्रीलोड पाइपही (कॅपखाली स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणारी नळी) 30 मिमी कापायचा असतो. तो तसाच ठेवला तर स्प्रिंग तेवढी आधीच दाबली जाते, आणि स्वार बसल्यावर गाडी जवळजवळ जुन्याच उंचीला येऊन थांबते. फोर्क उघडला, तेल सांडलं, हाती काहीच नाही. कडक फोर्क हवा असेल तर जास्त रेटची, म्हणजे दाबायला जड, स्प्रिंग घ्या. मूळ स्प्रिंगचे वेढे कापू नका, कापलेलं टोक वॉशरवर सपाट बसत नाही. प्रीलोड पाइप कापल्यावर भुसा नीट पुसा, तो तेलात गेला की डॅम्पिंगची भोकं बुजवतो.

तळाला नवा तांब्याचा वॉशर घाला, जुना हमखास गळतो. तेल भरून फोर्क आठ-दहा वेळा चालवा, दहा मिनिटं उभा ठेवा. पातळी स्प्रिंगशिवाय, फोर्क पूर्ण दाबून, पाइपच्या वरच्या कडेपासून मोजायची.

मागची बाजू तशीच ठेवली तर स्टिअरिंग चपळ होतं. 1600 मिमी व्हीलबेसवर 25 मिमी उतरवलं की रेक (स्टिअरिंगच्या अक्षाचा उभ्या रेषेपासूनचा कल) साधारण 0.9 अंशाने आणि ट्रेल (तो अक्ष जमिनीला भेटतो तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) सुमारे 6 मिमीने घटतो. 25 पर्यंत बहुतेकांना ते आवडतं, त्यापुढे वेगात हँडल अस्वस्थ वाटू लागतं. तेव्हा मागूनही तेवढंच उतरवा. साइड स्टँडवर गाडी जास्त उभी राहते, उतारावर ती पलीकडे कलंडू शकते. हेडलाइटचा झोतही जवळ पडतो, तो वर घ्या.

पहिल्या फेरीला पाइपवर सीलला टेकवून केबल टाय बांधा. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून परत आल्यावर टायच्या वर 10 मिमीपेक्षा कमी चाल उरलेली दिसली, तर स्प्रिंग मऊ पडते आहे.