लिनक्स कर्नल: पेज फॉल्ट आणि स्लीपची तपासणी, या चुका टाळा

ड्रायव्हर टेस्टिंगमध्ये नीट चालतो, पण प्रत्यक्ष वापरात मधूनच विनाकारण ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) परत करतो. अशी तक्रार आली की आधी आयओसीटीएलचा (युजर प्रोग्रामकडून ड्रायव्हरला येणाऱ्या आज्ञांचा) कोड उघडा आणि स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयू फिरत बसतो असा लॉक) धरलेला असताना कॉपी_फ्रॉम_युजर(), म्हणजे युजर प्रोग्रामच्या मेमरीतून कर्नलमध्ये कॉपी, चाललंय का ते बघा.

युजरचं पेज मेमरीत असेल तर कॉपी बिनबोभाट होते. नसेल तर पेज फॉल्ट येतो, म्हणजे कर्नलला ते पेज आणून द्यावं लागतं. तो निस्तरायला सहसा एममॅप_लॉक (प्रोसेसच्या मेमरी नकाशाचा लॉक) लागतो, कधी पेज डिस्कवरून आणावं लागतं, म्हणजे टास्क झोपू (सीपीयू सोडून थांबू) शकतो. स्पिनलॉक धरून झोपायला तर मनाई. पुढे काय होतं ते कॉन्फिगवर ठरतं. प्रीएम्प्ट_काउंट (प्रीएम्प्शन, म्हणजे टास्कला मध्येच बाजूला सारणं, किती वेळा बंद केलंय ते मोजणारा पर्याय) चालू असेल तर फॉल्ट हँडलरला इन_अ‍ॅटॉमिक() (झोपायला मनाई आहे का ते सांगणारी तपासणी) खरं दिसतं. तो पेज आणायच्या भानगडीत न पडता थेट एक्सेप्शन टेबलमधल्या (फॉल्ट आल्यास कुठे जायचं त्या यादीतल्या) फिक्सअपकडे जातो आणि कॉपी अर्धवट राहते. पत्ता बरोबर, परवानगी बरोबर, तरी ईफॉल्ट! प्रीएम्प्ट_काउंट बंद असेल तर इन_अ‍ॅटॉमिक()ला स्पिनलॉकची खबरच नसते. टास्क लॉकसकट झोपतो आणि त्या लॉकसाठी दुसरा सीपीयू फिरत बसतो.

टेस्टमध्ये बफर नुकताच मेमसेट केलेला असतो, त्यामुळे पेज हजर असतं आणि चूक लपते. आयओसीटीएलच्या आधी त्या पेजवर एमअ‍ॅडव्हाइज() ला एमएडीव्ही_डोन्टनीड (‘हे पेज नको, सोडा’) देऊन बघा. अ‍ॅनॉनिमस (फाइलशी न जोडलेल्या) मेमरीतला मजकूर शून्य होईल, पण फॉल्ट हमखास येईल.

डेव्हलपमेंटच्या कर्नलवर डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप (चुकीच्या जागी झोपणं पकडणारा पर्याय) कायम चालू हवं. त्यासोबत प्रीएम्प्ट_काउंटही चालू होतं. मग पेज हजर असो वा नसो, कॉपीच्या फंक्शन्समधली माइट_फॉल्ट() ही तपासणी ओरडते: ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’. त्या ओळीत बहुधा युअ‍ॅक्सेसच्या हेडर फाइलचं नाव असतं, त्याच्या नादी लागू नका. खाली कॉल ट्रेसमध्ये आपलं फंक्शन शोधा. डीबग_प्रीएम्प्ट चालू असेल तर ‘प्रीएम्प्शन डिसेबल्ड अ‍ॅट’ ही ओळ लॉक कुठे घेतला तेच सांगते. हा इशारा सेकंदाला एकदाच छापला जातो, म्हणून एक जागा दुरुस्त केल्यावर टेस्ट पुन्हा चालवा. दुसरी जागा त्याच्या आड दडलेली असू शकते.

आता सर्वांत वाईट उपाय: इशारा बंद व्हावा म्हणून पेजफॉल्ट_डिसेबल() (फॉल्ट निस्तरणं बंद करणारं फंक्शन) घालणं. माइट_फॉल्ट() गप्प बसतं, पण फॉल्ट तरीही निस्तरला जात नाही, ईफॉल्ट तसाच राहतो. ‘इन_अ‍ॅटॉमिक() असेल तर जीएफपी_अ‍ॅटॉमिक, नाहीतर जीएफपी_कर्नल’ (मेमरी मागताना पहिला झोपत नाही, दुसरा झोपू शकतो) ही युक्तीही त्याच माळेतली, कारण प्रीएम्प्ट_काउंट नसलेल्या कर्नलवर ती स्पिनलॉक ओळखतच नाही. जुना कोड असेल तर आणखी एक पाहा: 4.2 पासून पेजफॉल्ट_डिसेबल() प्रीएम्प्शन थांबवत नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे क्रम बदलणं. आधी लोकल स्ट्रक्चरमध्ये कॉपी, मग लॉक, काम, अनलॉक, शेवटी कॉपी_टू_युजर(). ही फंक्शन्स एरर कोड देत नाहीत, न झालेल्या बाइट्सची संख्या देतात. ती तशीच रिटर्न केली तर युजरला धन आकडा मिळतो आणि त्याला वाटतं काम झालं. लॉकखालीच कॉपी हवी असेल तर अ‍ॅक्सेस_ओके() (पत्ता युजरच्या हद्दीतला आहे का) आधी तपासा, पेजफॉल्ट_डिसेबल() करून इनअ‍ॅटॉमिक (फॉल्ट न निस्तरता परतणारा) प्रकार वापरा. बाइट्स उरल्या तर पेजफॉल्ट_एनेबल() आणि अनलॉक करा, फॉल्ट_इन_रीडेबल() ने पेज आणा आणि पुन्हा प्रयत्न करा. मधल्या वेळात पेज परत जाऊ शकतं, म्हणून हे लूपमध्येच हवं. आणि लॉक सोडला होता, तेव्हा आतली स्थितीही नव्याने तपासा.

स्पिनलॉकऐवजी म्यूटेक्स (धरून झोपता येतं असा लॉक) घेतला की सुटलो असं नाही. ड्रायव्हरचा एममॅप हँडलर (युजरच्या मेमरी नकाशात जोडणी करणारं फंक्शन) एममॅप_लॉक धरूनच बोलावला जातो. त्यात तोच म्यूटेक्स घेत असाल आणि आयओसीटीएलमध्ये म्यूटेक्स धरून कॉपी करत असाल, तर उलटसुलट क्रमाने डेडलॉक होऊ शकतो, म्हणजे दोन टास्क एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकतात. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारा कर्नलचा पर्याय) हे पकडतो.

इंटरप्ट हँडलरमधून युजर मेमरीला हात लावणं तर त्याहून घातक. तिथला करंट (कर्नलच्या लेखी चालू असलेला टास्क) म्हणजे त्या क्षणी सीपीयूवर असलेली कोणतीही प्रोसेस. तिचं पेज हजर असेल तर कॉपी यशस्वी होते, आणि भलत्याच प्रोग्रामचा डेटा बिघडतो.