अलास्काची क्रूझ, तीन पिढ्या आणि बंदरांतले मोजके तास

अलास्काच्या क्रूझचे नियोजन करताना बहुतेक कुटुंबे आधी जहाज निवडतात, मग केबिन पाहतात, जहाजावर खायला काय मिळेल याची चौकशी करतात आणि बंदरे मात्र वाट्याला येतील ती स्वीकारतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. सात रात्रींच्या सहलीत जमिनीवर पाय टेकायला मिळतात ते तास मोजले, तर तीस-पस्तीसच्या पुढे क्वचितच जातात. जहाजावरचे नाटक, पोहण्याचा तलाव आणि रात्री अकरा वाजताचे आइस्क्रीम कोणत्याही समुद्रावर मिळते. केचिकन, जुनो आणि स्कॅगवे ही गावे मात्र इथेच आहेत. आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि उन्हाळ्यासाठी पुण्याहून आलेले माझे आई-वडील अशा सहा जणांनी ही सहल केली. पुढील सूचना त्या अनुभवाच्या आधाराने, आपल्याकडून येणाऱ्या किंवा अमेरिकेत राहून आई-वडिलांना सोबत नेणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिल्या आहेत.

पहिला प्रश्न मार्गाचा आहे. सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारी सात रात्रींची फेरी विमानाच्या तिकिटांच्या दृष्टीने सोयीची पडते. परंतु यातील बरीच जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या समुद्रातून जातात आणि तो एक दिवस लाटांचा असू शकतो. व्हँकूव्हरहून निघणारी जहाजे साधारणपणे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात. ज्यांच्या घरी गाडी लागणारे कोणी आहे, त्यांनी व्हँकूव्हरचा विचार अवश्य करावा.

व्हिसाचा विषय पैसे भरण्याआधीच निकालात काढावा. परदेशी ध्वजाखाली चालणाऱ्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन फेरी मारून तिथेच परतायचे असेल, तर वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावेच लागते, असा १८८६ सालचा अमेरिकी कायदा आहे. म्हणूनच सिॲटलच्या फेरीत कॅनडातील व्हिक्टोरिया हे बंदर, बहुधा शेवटच्या संध्याकाळी चार-पाच तासांसाठी, घातलेले असते. भारतीय पासपोर्टधारकाला त्या चार तासांसाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेत परत शिरायचे असल्याने अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ बाळगावे लागतात. आई-वडिलांचा कॅनडाचा व्हिसा ते भारतात असतानाच काढून घेतलेला उत्तम, कारण त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि पासपोर्ट काही दिवस आपल्याजवळ राहत नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा दोन्ही देशांची अधिकृत संकेतस्थळे स्वतः वाचावीत.

हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर असतो. भारतातून मुलांना घेऊन येणाऱ्यांना मे महिना सोयीचा आहे: आपल्या शाळांना सुट्टी असते, या भागात तेव्हा तुलनेने पाऊस कमी असतो आणि डोंगरांवर बर्फ शिल्लक असतो. सामन मासे नदी चढताना पाहायचे असतील आणि त्यांच्या मागावर येणारी अस्वलेही दिसावीत अशी इच्छा असेल, तर जुलैची अखेर ते ऑगस्ट हा काळ बरा, मात्र पावसाची तयारी ठेवून. जूनमध्ये दिवस इतका मोठा असतो की रात्री दहालाही बाहेर उजेड असतो. मुले झोपायला तयार होत नाहीत, म्हणून केबिनचे जाड पडदे वेळेवर ओढावेत.

केबिन आणि जेवण यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बाल्कनी परवडत असेल तर ज्येष्ठांच्या खोलीला घ्यावी, कारण थंडीत वर डेकवर जाणे त्यांनाच जड जाते. मुले तशीही खोलीत थांबत नाहीत. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास ते बुकिंगच्या वेळीच नोंदवावे आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगावे. क्रूझ जहाजांवर गोव्याचे कर्मचारी बरेच असतात. आमच्या टेबलावरचा मडगावचा मुलगा आईच्या मालवणीला कोकणीतून उत्तरे देत असे आणि तिसऱ्या दिवसापासून यादीत नसलेली डाळ तिच्यापुढे येऊ लागली. कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी प्रत्येक माणशी, लहान मुले धरून, रोज आकारली जाते; सहा जणांची सात दिवसांची रक्कम आधीच खर्चात धरावी. कपडे थरांचे असावेत: आत साधा सुती, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा, सर्वांत वर पाणी न झिरपणारा. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, आणि बूट पाण्यात टिकणारे हवेत. आई पुण्याहून आणलेले कॅनव्हासचे बूट घालून पहिल्या बंदरात उतरली आणि उरलेली सकाळ आम्ही बुटांच्या दुकानात घालवली.

ते पहिले बंदर केचिकन होते. तिथे वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरापेक्षा कमी, पण मुंबईच्या दीडपट तरी, आणि तो चार महिन्यांत आटोपत नाही, वर्षभर पडत राहतो. म्हणून ‘पाऊस थांबला की निघू’ हा विचार इथे सोडून द्यावा. जहाज गावातल्या धक्क्याला लागणार की उत्तरेकडे दहा-अकरा किलोमीटरवरच्या वॉर्ड कोव्हला, हे आधी पाहावे, कारण तिथून गावात येण्या-जाण्यातच तास खर्ची पडतो. गावच्या धक्क्यावरून क्रीक स्ट्रीट पायी गाठता येतो. ओढ्यावर लाकडी खांब रोवून उभारलेली ही घरांची रांग १९५४ पर्यंत वेश्यावस्ती होती. आता तिथे दुकाने आहेत. हंगामात इथल्या पुलावरून खाली पाहिले की पाण्यात दगड हलत आहेत असे वाटते, आणि मग लक्षात येते की ते सामन आहेत, प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी पोहणारे. अंडी घातल्यावर हे मासे मरतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये ओढ्याला वास येतो. मालवणच्या आईला त्याचे काहीच वाटले नाही. ‘एवढा मासा असाच वाया?’ एवढेच तिने विचारले.

टोटेम खांब, म्हणजे कोरीव लाकडी खांब, पाहायला सॅक्समन हे चार किलोमीटरवरचे गाव किंवा टोटेम हेरिटेज सेंटर यांपैकी एक निवडावे. पाऊस जास्त असेल तर दुसरे, कारण एकोणिसाव्या शतकातले मूळ खांब तिथे छताखाली आहेत. मुलांना आधीच सांगावे की या देवाच्या मूर्ती नव्हेत आणि यांची पूजा होत नाही. त्लिंगिट आणि हायडा या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या घराण्यांची ओळख, त्यांच्या कथा, कधी गेलेल्या माणसाची स्मृती त्यांवर कोरलेली असते. आपल्याकडची तुलना करायचीच तर देवळातल्या मूर्तीपेक्षा गावाबाहेरच्या वीरगळाशी करावी. खांबांना टेकून फोटो काढू नयेत.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे मोटारीने जाता येत नाही. पोचायचे ते बोटीने किंवा विमानाने. इथे करण्यासारखे इतके आहे की कुटुंबाचे दोन गट पाडणे शहाणपणाचे ठरते. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तिथल्या माहिती केंद्राच्या काचेतून हिमनदी बसल्या जागी दिसते, हे गुडघे दुखणाऱ्यांसाठी पुरेसे आहे. चालू शकणाऱ्यांनी नगेट धबधब्याकडे जाणारी, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटरची सपाट वाट धरावी. ११५ मीटरचा तो धबधबा जवळून पाहताना तुषारांनी चष्मा भिजतो आणि एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. हिमनदीकडे जाणाऱ्या बसची आसने मर्यादित असतात, त्यामुळे तिकीट आधी घ्यावे. धक्क्यावर उतरून पाहू, असे म्हणणाऱ्यांच्या रांगा आम्ही पाहिल्या.

पैसे एकाच ठिकाणी सढळ हाताने खर्च करायचे असतील, तर ते देवमासे पाहण्याच्या बोटीवर करावेत. जुनोजवळच्या ऑक बेहून निघणाऱ्या लहान, बंद आणि उबदार केबिनच्या बोटीत ज्येष्ठही आरामात बसू शकतात. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात असतात आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी इकडे येतात. बोटींना त्यांच्यापासून किमान शंभर यार्ड दूर राहावे लागते, तरी ते अंतर डोळ्यांना कमीच वाटते. नशीब असेल तर त्यांची सामुदायिक शिकार दिसते: हेरिंग माशांच्या थव्याखालून गोल फिरत ते बुडबुड्यांची भिंत उभी करतात आणि मग सगळे एकदम तोंडे उघडून वर येतात. ‘ही तर रापण,’ आई म्हणाली, आणि कोकणच्या किनाऱ्यावर सारा गाव मिळून जाळे ओढताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याहून नेमके वर्णन सुचणार नाही.

स्कॅगवे हे जेमतेम हजार-बाराशे वस्तीचे गाव कॅनडातल्या क्लॉन्डाइककडे सोन्यासाठी १८९७-९८ मध्ये झालेल्या धावपळीत वाढले. कॅनडात शिरणाऱ्या प्रत्येकाने वर्षभराची रसद आणावी, असा दंडक तिथल्या पोलिसांनी घातला होता. अवजारांसह ते सामान सुमारे टनभर होई आणि लोक ते पाठीवर, अनेक खेपा करून, खिंडीपर्यंत चढवीत. त्याच काळात सुरू झालेली व्हाइट पास रेल्वे १९०० मध्ये पूर्ण झाली. तीन फुटी रुळांची ही गाडी सुमारे वीस मैलांत जवळपास २,९०० फूट चढते. माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवरून साधारण वीस किलोमीटर जाते. नेरळहून तिने गेलेल्यांना कड्याच्या काठाने कुरकुरत जाणे ओळखीचे वाटेल, फक्त दरीचा आकार बदलतो. चढताना डाव्या बाजूला बसावे. केवळ खिंडीपर्यंत जाऊन परतणारी फेरी तीन तासांच्या आत होते. त्यापुढे कॅनडात उतरणाऱ्या फेरीसाठी पासपोर्ट आणि व्हिसा लागतात. उरलेला वेळ राष्ट्रीय उद्यानाच्या संग्रहालयात घालवावा. तिथे लहान मुलांना एक पुस्तिका मिळते. ती सोडवून दाखवली की रेंजर उजवा हात वर करून शपथ देतात आणि बिल्ला लावतात. आमच्या सहा वर्षांच्या मुलीला अख्ख्या सहलीतले विचारले तर ती तो बिल्ला दाखवते. हिऱ्यांच्या दुकानांत शिरण्याचे मात्र काही कारण नाही.

ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या उपसागरात जहाज कोठेही लागत नाही, तरी मी तो बंदराचाच एक दिवस धरते. इथे दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी असते, म्हणून आपल्या वेळापत्रकात हे नाव आहे की दुसऱ्या एखाद्या हिमनदीचे, हे बुकिंगपूर्वी तपासावे. १७९४ मध्ये ब्रिटिश मोहिमेची माणसे इथून गेली तेव्हा हा उपसागर जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेला होता. १९१६ पर्यंत तो बर्फ सुमारे शंभर किलोमीटर मागे सरकला होता. सकाळी रेंजर जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. मार्जरी हिमनदीपुढे जहाज थांबून सावकाश वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना दृश्य मिळते आणि जागेसाठी धावपळ करावी लागत नाही. एक गोष्ट मात्र शिकवल्याशिवाय सुचत नाही: हिमनदीचा कडा तुटून पाण्यात पडताना पाहायचा असेल, तर आवाजाची वाट पाहू नये. अर्ध्या किलोमीटरवरून आवाज यायला दीड सेकंद लागतो, आणि गडगडाट ऐकून मान वळवेपर्यंत कडा पाण्यात गेलेला असतो. बर्फाच्या भिंतीचा एकच तुकडा निवडून, जिथून बारीक चुरा गळताना दिसतो तिथे, दुर्बीण रोखून बसावे.

बंदरात उतरताना परतीची वेळ कागदावर लिहून न्यावी. अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागे असते, फोन कोणत्या मनोऱ्याला चिकटेल याचा भरवसा नसतो, आणि पाळायची असते ती जहाजाची वेळ. वडिलांच्या मनगटावरच्या एचएमटीला आम्ही रोज सकाळी जहाजाच्या घड्याळाशी मिळवून घेत होतो. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते; बाहेरून घेतलेली सहल स्वस्त पडते, पण तिला उशीर झाल्यास जबाबदारी आपली, म्हणून तिच्यानंतर निदान दोन तास मोकळे ठेवावेत. समुद्रावर फोन विमान-स्थितीत ठेवावा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचे बिल घरी येते.

व्हिक्टोरियात संध्याकाळी थोडे फिरून परतल्यावर शेवटचे काम उरते. त्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या थेट सिॲटलच्या धक्क्यावर मिळतात. पासपोर्ट, औषधे आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे हातातल्या पिशवीत काढून मगच बॅगेला कुलूप लावावे. वडिलांनी हे सारे नीट काढून ठेवले होते, फक्त बूट विसरले, आणि सिॲटलला ते केबिनमधल्या कागदी सपाता घालून उतरले.