छायाचित्रणाचा व्यवसाय रीतसर सुरू करताना

लग्नसमारंभांच्या छायाचित्रणात उतरणारी बहुतेक तरुण मंडळी कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश यांचा हिशेब महिनोन्महिने मांडतात. नोंदणी, कर आणि करार यांची आठवण मात्र पहिला वाद उभा राहिल्यावर होते. सातारा परिसरात हा व्यवसाय करताना मला असे दिसले आहे की सरकारी नोंदण्यांचा भाग वाटतो तितका किचकट नाही आणि खर्चिक तर मुळीच नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती ग्राहकाशी होणाऱ्या लेखी करारात.

एकट्याने काम सुरू करणाऱ्याला कंपनी काढण्याची गरज नसते, प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा व्यवसाय, पुरते. ज्याला आपण अजूनही गुमास्ता किंवा शॉप अॅक्ट म्हणतो, त्या दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला परवाना घ्यावा लागत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच जपून ठेवायची. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून होणारी सरकारी नोंद, आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. तरीही सरकारी भासणारी खासगी संकेतस्थळे तिच्यासाठी पैसे उकळतात, तेव्हा पत्ता नीट तपासावा. हे दोन कागद हाती आले की बँकेत व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडता येते. व्यवसाय कराची नोंद अनेक जण विसरतात. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला तो वर्षाला 2,500 रुपये पडतो आणि राहिला तर व्याजासह अंगावर येतो. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर बंधनकारक होते. नोंदणी नसताना बिलावर 18 टक्के कर लावणे बेकायदेशीर आहे, आणि मोठा दिसण्याच्या हौसेपायी काही नवखे नेमके तेच करतात.

आता कराराकडे वळतो. आपण टिपलेले छायाचित्र आपल्याच मालकीचे असते, अशी या क्षेत्रात जवळजवळ सर्वांची समजूत असते. स्वतःहून टिपलेल्या छायाचित्राबाबत ती बरोबर आहे, परंतु 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 17 असे सांगते की एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याच्या कॉपीराइटची पहिली मालकी काम सांगणाऱ्याची असते. म्हणजे वधूपित्याने पैसे देऊन काढून घेतलेले अंतरपाटाचे छायाचित्र तुम्ही स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकता, तेव्हा तुम्ही बहुधा दुसऱ्याची मालमत्ता वापरत असता. यावरचा उपाय सोपा आहे. कामाच्या नमुन्यांसाठी, संकेतस्थळासाठी आणि स्पर्धांसाठी छायाचित्रे वापरण्याची परवानगी करारात स्पष्ट लिहून घ्यावी, आणि ज्या कुटुंबाला ते नको असेल त्याला नकार देण्यासाठी तिथेच जागा ठेवावी. अशी जागा ठेवल्याने ग्राहक बिचकतात, हे काही जुन्या व्यावसायिकांचे मत मला पटत नाही. उलट मुलीच्या घरचे निर्धास्त होतात. मदतीला बोलावलेल्या दुसऱ्या छायाचित्रकाराशीही असेच लिहून घ्यावे, नाहीतर एकाच लग्नाची छायाचित्रे दोन जणांच्या जाहिरातींत झळकतात.

करारात रकमेचे टप्पे, अल्बमची पाने, संपादित छायाचित्रांची अंदाजे संख्या आणि ती देण्याची मुदत यांचा उल्लेख हवाच. विसार परत मिळेल की नाही, आणि लग्नाची तारीख पुढे गेली तर काय, हेही आधीच ठरवावे, कारण घरातल्या सुतकामुळे किंवा आजारपणामुळे तारखा बदलतात आणि त्या वेळी पैशांची गोष्ट काढणे दोन्ही बाजूंना जड जाते. मूळ फाइली आपण किती महिने सांभाळणार, हेसुद्धा लिहावे. मेमरी कार्ड बिघडले आणि मुहूर्ताची छायाचित्रे गेली, तर ग्राहक सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारा कॅमेरा वापरणे ही चैन मानू नये. कॅमेऱ्याचे पक्के बिल घ्यावे. विम्याच्या दाव्यात त्याच्यावाचून अडते, आणि स्वस्तात मिळालेल्या बिनबिलाच्या लेन्सला विमा कंपनी विचारत नाही.

ड्रोनची मागणी हल्ली प्रत्येक पार्टीकडून येते. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते, शिवाय ड्रोनची स्वतंत्र नोंदणी लागते आणि उड्डाणाचा परिसर कोणत्या विभागात मोडतो हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावे लागते. स्वतःकडे प्रमाणपत्र नसेल तर ते असलेला चालक भाड्याने बोलवावा आणि त्याच्या कागदांची प्रत आपल्याजवळ ठेवावी. प्री-वेडिंगसाठी किल्ले सर्वांनाच हवे असतात, परंतु पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूत व्यावसायिक चित्रीकरण परवानगीशिवाय करता येत नाही. तो अर्ज तारखेच्या बराच आधी करावा, आणि परवानगी मिळाली नाही तर पर्यायी ठिकाण कोणते, हे जोडप्याला आगाऊ रक्कम घेतानाच सांगावे.