पहिली रिमोटवाली फोर-व्हील बग्गी घेताय? आधी पुढचा आर्म मिळतो का ते बघा

रविवारी सकाळी आमच्या मुरमाच्या मैदानावर कोणी नवीन आला की मी गाडीच्या आधी त्याच्या पिशवीत काय आहे ते बघतो. एकच बॅटरी, खोक्यात आलेला यूएसबी चार्जर आणि सुटा भाग एकही नाही, असं दिसलं की मनापासून वाईट वाटतं. माणूस हौसेने आलेला असतो, घरच्यांची समजूत काढून पैसे घातलेले असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर तो दिसत नाही. पुढे कधी रस्त्यात भेटला की सांगतो, "गाडी तुटली काका, पार्ट मिळत नाही."

म्हणून नवख्यांच्या नेहमीच्या चुका लिहितोय. ज्याला शर्यती लावायच्या नाहीत, सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास मजेत गाडी पळवायची आहे आणि पहिलीच इलेक्ट्रिक फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गी घ्यायची आहे, त्याच्यासाठी.

फोर-व्हील घ्यायचं ठरवलंत ते बरोबरच आहे. आपल्याकडच्या सुट्या मुरमावर टू-व्हील-ड्राइव्ह गाडीचा मागचा भाग सारखा फिरतो आणि नवख्याला ती आवरत नाही. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकंही गाडी ओढतात, त्यामुळे वळणात थोडी चूक झाली तरी गाडी सरळ होऊन बाहेर पडते. पण त्याची किंमतही आहे. पुढच्या बाजूला आणखी एक डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) आणि दोन जास्तीचे ड्राइव्हशाफ्ट असतात, आणि नवखा गाडी आपटतो ती बहुतेक वेळा पुढूनच.

वेगाचा आकडा बघून गाडी निवडणं

खोक्यावर "६० किमी" छापलेलं असतं आणि तेवढं वाचून गाडी ठरते. हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब असतं. म्हणजे सोसायटीतलं पूर्ण कोर्ट गाडी एका सेकंदाच्या आत ओलांडते. तुम्हाला समोरची कुंडी दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी चार मीटर पुढे गेलेली असते. साध्या ५४० मापाच्या ब्रश्ड मोटरची १/१० बग्गी (म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची) ताशी पंचवीस-तीसच्या आसपास पळते. मुरमावर, डोळ्यांसमोर, उड्या मारत पळताना तेवढा वेग पहिले सहा महिने पुरून उरतो. बऱ्याच तयार गाड्यांच्या रिमोटवर थ्रॉटल ५० किंवा ७५ टक्क्यांवर अडवायची सोय असते. ती वापरायला मुलांना कमीपणा वाटतो. मी मात्र आजही कुणाच्या हातात माझी गाडी देताना ती पन्नासवर ठेवूनच देतो.

सुटे भाग न शोधता पैसे भरणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि मी ती स्वतः केलेली आहे.

माझी पहिली बग्गी १/१६ची होती. दिसायला देखणी, ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळाली. तिसऱ्या दिवशी पार्किंगच्या कडेच्या दगडावर पुढचं उजवं चाक आदळलं आणि सी-हब तुटला. सी-हब म्हणजे आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला स्टिअरिंग नकल (वळणारं चाक धरणारा भाग) धरून ठेवणारा इंग्रजी सी अक्षरासारखा भाग. प्लास्टिकचा तुकडा, फार तर शे-दोनशे रुपयांचा. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला विचारलं, तर तो फक्त पूर्ण गाडी विकत होता. दुसरीकडे त्याच नावाच्या गाडीचा सी-हब दिसला. मागवला, सव्वा महिन्याने आला. लावायला बसलो तर हिंज पिनचं भोक वेगळ्या मापाचं. नाव तेच, खोकं तेच, पण मधल्या काळात साचा बदललेला होता. इन्स्टंट ग्लू आणि खाण्याचा सोडा घालून जुना भाग चिकटवला. तो दहा मिनिटं टिकला आणि दुसऱ्यांदा तुटताना ड्राइव्हशाफ्ट घेऊन गेला. गाडी चालली ती एकूण तीन-चार तास. बाकी सगळी चांगली होती, मोटर तर नवी कोरी.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आणि मला विचारणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगतो. गाडी आवडली की एका चिठ्ठीवर पाच नावं लिहायची: पुढचा खालचा आर्म, सी-हब आणि नकल, स्पर गिअर (मोटरवरचा लहान गिअर ज्याला फिरवतो तो मोठा गिअर), डिफरन्शियलचे गिअर, सर्वो सेव्हर (आदळल्यावर चाकं वळवणाऱ्या सर्वो मोटरला वाचवणारा भाग). मग ही पाचही नावं पार्ट नंबरासकट शोधायची आणि भारतातच, आज, स्टॉकमध्ये दिसली तरच गाडीचे पैसे भरायचे. पाचांपैकी दोन मिळाली नाहीत तर ती गाडी सोडून द्यायची, मग ती कितीही आवडलेली असो. आणि गाडीसोबतच पुढच्या आर्मची एक जोडी मागवायची. पुढचा आर्म तुटणारच आहे. दोन आठवड्यांत तुटो की दोन महिन्यांत, घरात जोडी असेल तर वीस मिनिटांचं काम, नसेल तर महिन्याचा खाडा.

या कसोटीवर डब्ल्यूएल टॉइजची १४४००१ तरते. १/१४ची तयार गाडी आहे आणि तिचे भाग इतक्या ठिकाणी मिळतात की नवख्याला पहिली म्हणून ती सुचवताना मला संकोच वाटत नाही. टामियाची टीटी-०२बी सुद्धा तरते, कारण तिचे बरेच भाग टीटी-०२ या रस्त्यावरच्या गाडीशी सामाईक आहेत आणि ती जगभर खपलेली आहे. पण टीटी-०२बी हे किट आहे. गाडी स्वतः जोडायची, पारदर्शक बॉडी आतून रंगवायची, रिमोट, सर्वो, बॅटरी, चार्जर वेगळा घ्यायचा. दोन-तीन संध्याकाळी जातात. ज्याला तेवढा धीर नाही त्याने किट घेऊ नये, अर्धवट जोडलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. ज्याला धीर आहे त्याने मात्र जरूर घ्यावं. स्वतः जोडलेली गाडी तुटली की कुठे काय तुटलं ते लगेच कळतं. जोडतानाच प्लास्टिकच्या बुशांऐवजी बॉल बेअरिंग घाला आणि जेआयएस (जपानी) मापाचा पेचकस वापरा. साध्या फिलिप्सने त्या स्क्रूंची डोकी झिजतात.

भाग तुटतो म्हणून सगळे आर्म अ‍ॅल्युमिनियमचे लावायचे, हा सल्ला नवख्यांना कोण देतं कळत नाही. प्लास्टिकचा आर्म आदळल्यावर वाकतो, फारच झालं तर स्वतः तुटतो आणि मागचं सगळं वाचवतो. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म तोच धक्का गिअरबॉक्सच्या घरापर्यंत नेतो. स्वस्तातला भाग वाचला आणि महागातला गेला, यात फायदा काय?

लाइपो बॅटरीला साधी बॅटरी समजणं

कॉलेजातला एक मुलगा जुनी १/१० बग्गी घेऊन आला होता. गाडी छान सांभाळलेली होती. आधीच्या मालकाने ती नेहमी ७.२ व्होल्टच्या निकेल पॅकवर, म्हणजे जुन्या प्रकारच्या बॅटरीवर, चालवली होती. या मुलाने नवी २एस लाइपो, म्हणजे दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, घेतली, कनेक्टर बदलून लावली आणि गाडी मस्त पळाली. हळू झाली तरी तो चालवत राहिला, अगदी ती रांगत थांबेपर्यंत. मी व्होल्टेज मोजून पाहिलं तर पूर्ण पॅक ४.९ व्होल्टवर आलेला होता, म्हणजे एकेका सेलला अडीचच्याही खाली. लाइपोचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो आणि ३ च्या खाली गेला की त्याची कायमची हानी होते.

दोष कुठे होता? काही ब्रश्ड ईएससीवर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागावर) बॅटरीचा प्रकार सांगणारा एक बारीक जंपर, म्हणजे काढून-लावायचा छोटा तुकडा, असतो. त्याच्या ईएससीवर तो निकेलवर लावलेला होता. त्यामुळे लाइपो वाचवण्यासाठी जिथे वीज तोडायची, तिथे ईएससीने तोडलीच नाही. पाच सेकंदांत बदलता येणारा जंपर, पण तो असतो हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खरा धोका पुढे झाला. चार्जर तो पॅक घेईना, तेव्हा कुणीतरी त्याला शॉर्टकट सुचवला: "निकेलच्या मोडवर लाव, थोडी जागी झाली की लाइपोवर घे." त्याने घरी, पलंगाशेजारी, तसं केलं. पॅक उशीसारखा फुगला. नशिबाने त्याच्या आईला गोडसर, थिनरसारखा वास आला आणि तिने वायर ओढून काढली. लाइपो पेटली की पाण्याने सहज विझत नाही आणि तिचा धूर विषारी असतो. तो शॉर्टकट सुचवणाऱ्याचा मला आजही राग येतो. मेलेली लाइपो जागी करायची नसते. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायची असते.

माझ्या सवयी सांगतो. खोक्यातला यूएसबी चार्जर मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवतो. त्याला दोन-तीन तास लागतात आणि गाडी पळते दहा-पंधरा मिनिटं. अशाने माणूस कंटाळतो आणि फुगत चाललेली बॅटरीही घाईत लावतो. सेल वेगवेगळे दाखवणारा बॅलन्स चार्जर घ्यायचा आणि १सीने भरायचं, म्हणजे ३२०० एमएएचच्या पॅकला ३.२ अँपिअर. चार्जिंग जमिनीवर, फरशीवर, मी खोलीत असतानाच. शेजारी वाळूची बादली. गाडीवर सेल मोजणारा छोटा बजर लावतो आणि तो ३.५ला वाजेल असा ठेवतो. तो वाजला की कितीही रंगात आलो असलो तरी थांबतो. आठवडाभर गाडी चालवायची नसेल तर पॅक ३.८च्या आसपास आणून ठेवतो, भरलेला ठेवत नाही. प्रत्येक पॅकवर कागदी टेपने घेतल्याची तारीख चिकटवलेली असते.

एक पॅक घेऊ नका, दोन घ्या. पहिला गरम असताना दुसरा चालतो आणि मोटरलाही मध्ये विश्रांती मिळते. घेण्याआधी गाडीतला बॅटरीचा कप्पा पट्टीने मोजा आणि कनेक्टर कोणता आहे ते बघा. टामियाचा जुना पांढरा कनेक्टर, टी-प्लग, एक्सटी६० हे एकमेकांत बसत नाहीत आणि जुगाड करून जोडलेल्या वायरी तापतात.

बाकीच्या चुका

सगळं बजेट गाडीवर घालवणं. वीस हजार ठरवले असतील तर गाडी बारा-तेराची बघा. उरलेल्यात दोन बॅटऱ्या, चार्जर, आर्म आणि चांगल्या पोलादाच्या दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरच्या अ‍ॅलन की. खोक्यातली वाकडी अ‍ॅलन की स्क्रूचं डोकं खाते.

२एसच्या गाडीत ३एस घालणं. नको.

शर्यतीची बग्गी पहिली म्हणून घेणं. १/१०च्या शर्यतीच्या फोर-व्हील बग्ग्या तयार ट्रॅकसाठी असतात, जमिनीला जवळजवळ टेकलेल्या. आपल्या मैदानावरच्या सुट्या खड्यांवर त्यांचं पोट घासत राहतं. १/८ची घ्यावीशी वाटत असेल तर मैदान केवढं आहे ते आधी बघा. शर्यतीची १/८ इलेक्ट्रिक बग्गी साडेतीन किलोच्या आसपास असते. ती लहान मुलाच्या पायावर आदळली तर काय होईल याचा विचार करा आणि सोसायटीत ती काढूच नका.

जुन्या नावांच्या मोहात पडणं. टामियाची हॉटशॉट १९८५ची, २००७ मध्ये पुन्हा बाजारात आली. क्योशोची चेनवर चालणारी ऑप्टिमाही १९८५ची, ती २०१६ मध्ये परत आली. दोन्ही मला जिवापाड आवडतात. पण त्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या गाडीच्या जागी शोभतात, कारण त्या उघडून दुरुस्त करण्यात संध्याकाळ जाते.

तयार गाडी खोक्यातून काढून तशीच पळवणं. कारखान्यातून आलेल्या गाडीचाही प्रत्येक स्क्रू मी एकदा हाताने तपासतो. मोटरच्या पिनियनचा (मोटरवरच्या लहान गिअरचा) ग्रब स्क्रू सुटलेला असेल तर स्पर गिअर पहिल्याच फेरीत संपतो. धातूवर धातू असेल तिथे निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद), प्लास्टिकवर कधीही नाही, प्लास्टिक त्याने तडकतं. पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून घट्ट करा आणि पट्टी काढून घ्या. तेवढी फट बरोबर असते.

"वॉटरप्रूफ" शब्दावर विसंबणं. ते इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं, बेअरिंगसाठी नसतं. पावसाळ्यात काळ्या मातीत तर गाडी नेऊच नका. ती माती चाकांत आणि आर्मच्या सांध्यांत अशी बसते की वाळल्यावर खरवडून काढावी लागते. उंच गवतही टाळा. गवत ड्राइव्हशाफ्टला गुंडाळलं जातं आणि मोटर बघता बघता तापते. दर पाच मिनिटांनी गाडी थांबवून मी मोटरवर बोट ठेवतो. तीन सेकंद ठेवता आलं नाही तर त्या दिवशी लहान पिनियन लावतो किंवा घरी जातो.

आणि चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. मागच्याच महिन्यात एकाने हे उलटं केलं आणि गाडी सरळ पार्किंगच्या खांबावर गेली. पुढचा आर्म तुटला. पण त्याच्या पिशवीत जोडी होती, आणि अर्ध्या तासात तो पुन्हा मैदानावर होता.