नोव्हेंबरच्या शिकारीसाठी जुलैतली टेहळणी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या, आधीच्या शनिवारी तो सुरू होतो. धनुष्यबाणाचा हंगाम त्याच्या बराच आधी, सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. नवखा माणूस साधारण ऑक्टोबरात जागा होतो, नारिंगी जाकीट विकत घेतो आणि पहिल्या दिवशी भल्या पहाटे अनोळखी रानात झाडाला पाठ टेकून बसतो. हरीण दिसलं तर दिसलं. तयारीचे महिने खरं तर उन्हाळ्याचे. मात्र या महिन्यांत मोठ्या शिंगांचा नर शोधत फिरणाऱ्यांची पुढे निराशा होते, कारण तो नर नोव्हेंबरात त्या जागी बहुधा नसतो. उन्हाळ्यात ओळख करून घ्यायची ती जमिनीची, वाऱ्याची आणि शेजाऱ्यांची.

हे सगळं अमेरिकेबद्दल आहे हे सांगायला नको, तरी सांगते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. सुट्टीत गावी गेल्यावर चितळ-सांबरांवर यातलं काही करून बघायचं नाही.

आता कागदपत्रं, थोडक्यात. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे परवाना काढण्याआधी शिकारी सुरक्षेचा कोर्स पूर्ण करावा लागतो. कोर्स न करताही अनुभवी शिकाऱ्याबरोबर जाता येतं, पण तो हात पोचेल इतक्या अंतरावर असला पाहिजे. आपल्या लोकांसाठी महत्त्वाची बाब वेगळीच आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायला संघराज्याचा कायदा मनाई करतो. वैध शिकार परवाना हाती असणं हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणून आधी परवाना, मग बंदुकीला हात. ऑफिसातल्या मित्राच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, वकिलाला विचारा. धनुष्याला हा कायदा लागू होत नाही, आणि आपल्यातले बरेच जण धनुष्यापासून सुरुवात करतात त्याचं हेही एक कारण आहे.

मी राज्याच्या नैऋत्य भागात हिंडते. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आजूबाजूचा प्रदेश घासून सपाट केला, हा तुकडा त्यातून सुटला. इथे त्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. धारा, सोंडा, खिंडी, घळी, खाली ओढे आणि ओढ्याकाठी शेतं. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला उंची अगदीच किरकोळ वाटेल, पण नकाशावरच्या समोच्च रेषा वाचायची सवय इथे थेट कामाला येते. खिंड म्हणजे हरणांनाही डोंगर ओलांडायची सोपी जागा. आणि जाणता नर दिवसा बसतो तो बहुतेक वेळा सोंडेच्या टोकाजवळ, उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात. मागून धारेवरून येणारा वारा त्याला पाठीमागची बातमी देतो, समोरचा उतार त्याला डोळ्यांनी दिसतो.

इथलं हरीण पांढऱ्या शेपटीचं. घाबरलं की शेपटी उभारून पळतं आणि तो पांढरा झेंडा रानभर दिसतो. उन्हाळ्यात त्याचा रंग तांबूस असतो, त्यामुळे हिरव्या शेतात ते लांबूनही उठून दिसतं. सप्टेंबरपर्यंत करडा रंग येतो आणि मग तेच हरीण झाडोऱ्यात हरवून जातं. नरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि वसंतात नव्याने वाढू लागतात. ती वाढत असताना त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. वाढीचा वेग अफाट असतो, भरात आलेल्या नराची शिंगं दिवसाला इंचापर्यंत वाढू शकतात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढ जवळजवळ पुरी होते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल सोलून निघते. तोवर शिंगं नाजूक असतात, म्हणून उन्हाळ्यात दोन नरांचं भांडण झालं तर ते मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी गुद्दे मारतात. हे बघायला मिळालं तर त्या संध्याकाळी बाकी काही नाही दिसलं तरी चालतं.

बघायचं कुठून? रस्त्यावरून. नवख्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते आणि त्यांना ते पटत नाही, कारण रानात शिरल्याशिवाय काही केल्यासारखं वाटत नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सूर्य मावळायच्या आधीचा एक तास गाडी कडेला, वाहतुकीला अडथळा होणार नाही अशी लावायची आणि ८×४२ किंवा १०×४२ च्या दुर्बिणीतून शेतं बघायची. पहिलं शेत सोयाबीनचं. मराठवाड्या-विदर्भातल्या वाचकांना सोयाबीन नवं नाही, आणि हरणं त्याची कोवळी पानं कशी कुरतडतात तेही तिथे ठाऊक असेल. त्याखालोखाल लसूणघास आणि क्लोव्हर. या दिवसांत नर टोळीने राहतात. तीन, चार, कधी त्याहून जास्त नर एकाच शेतात, रोज साधारण त्याच वेळी. माद्या आणि पाडसं वेगळी.

बघताना शिंगं मोजत बसू नका. हरीण कुठल्या कोपऱ्यातून शेतात उतरलं, त्या वेळी वारा कुठून होता आणि आधी कोण बाहेर आलं, एवढं वहीत लिहा. त्याच कोपऱ्यातून ते वारंवार येत असेल तर तिथे जमिनीचा काहीतरी आकार आहे, ओढ्याची बेचकी, कुंपणातली मोडकी जागा, दोन रानांना जोडणारी झाडांची पट्टी. पीक बदललं तरी हा आकार बदलत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग, इथले लोक त्याला डीएनआर म्हणतात, ‘ऑपरेशन डिअर वॉच’ नावाने सामान्य लोकांकडून हरणांच्या नोंदी मागवतो. किती माद्या, किती पाडसं, किती नर. तुमची वही भरतच असते, तर त्यात भर घाला. एका मादीमागे किती पाडसं दिसतात यावरून कळपाची तब्येत कळते, आणि डोळ्यांनाही नर-मादी-पाडस ओळखायची सवय होते. नोव्हेंबरच्या अंधुक उजेडात ही सवय फार महत्त्वाची ठरते, कारण हातात परवाना नराचा असतो की बिनशिंगी हरणाचा, यावर गोळी कायदेशीर की बेकायदा ते ठरतं.

अंधार पडल्यावर टॉर्च मारून बघायचा मोह आवरा. १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात रात्री १० ते सकाळी ७ पर्यंत रानटी प्राण्यांवर झोत टाकणं या राज्यात गुन्हा आहे, आणि काही काउंट्यांत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, नियम याहून कडक आहेत. शिवाय रात्री बारा वाजता शेताकडेला दिवे मारणाऱ्या अनोळखी गाडीबद्दल शेतकऱ्याचं काय मत होईल, याचा विचार करा. त्याच शेतकऱ्याकडे तुम्हाला परवानगी मागायला जायचंय.

परवानगीचं कामही उन्हाळ्यातलंच. विस्कॉन्सिनमध्ये पाटी नसली तरी दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना शिरणं अतिक्रमण ठरतं. सरकारी जमिनी आहेत, आणि ‘मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ’खाली मालकाने करसवलतीच्या बदल्यात लोकांना खुली ठेवलेली खाजगी रानंही आहेत, तिथे शिकारीला पायी जाता येतं. पण चांगली जागा बहुतेक वेळा कुणा दूधवाल्या शेतकऱ्याची असते. त्याच्या दारात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उभं राहिलात तर तो नम्रपणे नाही म्हणेल, कारण त्याचे भाऊ, पुतणे, जावई आधीच रांगेत असतात. जुलैत जा. शिकारीच्या कपड्यांत जाऊ नका, दूध काढायची वेळ टाळा, नाव सांगा, कुठे राहता आणि काय काम करता ते सांगा. मोठ्या नराची गोष्ट काढूच नका. माद्या मारायला तयार आहे म्हणा. सोयाबीन खाणारी तोंडं कमी झालेली त्याला हवीच असतात, आणि दक्षिणेकडे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला लांडगे जवळपास नाहीतच. गवताच्या गाठी उचलायला माणूस हवा असेल तर तेही करा. ज्या आजोबांच्या रानात मी बसते त्यांनी पहिल्या भेटीत मला एवढंच विचारलं होतं की आमच्याकडे गुरांना काय घालतात. पुढचा तासभर कडबा आणि उसाच्या वाढ्यांवर गेला, हरणाचा विषय निघालाच नाही.

रानाच्या आत जायचं असेल तर कमीत कमी जा, भर दुपारी जा, आणि जमलं तर पावसाच्या तोंडावर, म्हणजे वास धुऊन जाईल. खरं सांगायचं तर जमीन वाचायला मार्च-एप्रिल उत्तम. बर्फ वितळलेलं असतं, पालवी फुटलेली नसते, गेल्या हंगामात नरांनी शिंगं घासून सोललेली खोडं आणि वहिवाटीच्या वाटा उघड्या पडलेल्या असतात. उन्हाळ्यात झाडोरा इतका दाट होतो की पाच पावलांवरची वाटही झाकते. ज्यांचा वसंत हुकला त्यांनी जुलैत एक फेरी जरूर मारावी, पण हंगामात तुम्ही ज्या वाटेने जाणार-येणार ती वाट तपासण्यासाठी. मचाणाची जागा निवडण्यात लोक आठवडे घालवतात आणि तिथवर पोचायचं कसं याचा विचारच करत नाहीत. हरणं जिथे चरतात त्या शेतातून अंधारात चालत गेलात तर मचाण कितीही चांगलं असो, सकाळ संपलीच. ओढ्यातून चालत जाता येतं का, कुठे काटे आहेत, कुठे सुकी फांदी मोडेल, हे आत्ता बघा. खाजगी जमिनीत मालकाला विचारून आडव्या फांद्या छाटायच्या त्या याच महिन्यात.

आणि वारा. डोंगराळ भागात मोबाइलवरचा वारा आणि घळीतला वारा यांचा फारसा संबंध नसतो. सकाळी ऊन चढू लागलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गार होऊन पाण्यासारखी खाली उतरते. हे बघायला इथले जुने शिकारी मिल्कवीडच्या शेंगेतल्या म्हाताऱ्या खिशात ठेवतात. ही वनस्पती आपल्या रुईच्याच कुळातली. शेंगा पिकतात सप्टेंबरात, डबीत भरून ठेवल्या तर पुढच्या उन्हाळ्यात उपयोगी पडतात. एक म्हातारी सोडायची आणि ती कुठे जाते ते नजर पोचेल तोवर बघायचं. पंधरा यार्ड सरळ जाऊन ती अचानक वळते आणि घळीत उतरते, तेव्हा समजतं की आपला वासही तिथेच उतरणार. काही जण बाटलीतून टाल्कम पावडर उडवून वारा बघतात, पण त्यातून एवढं कळत नाही.

ट्रेल कॅमेऱ्याचं, म्हणजे रानात बांधून ठेवायच्या आणि समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं, वेड इथे भारी आहे. वापरा, पण वाटेवर किंवा पाणवठ्यावर लावा. मीठ किंवा मक्याचा ढीग घालून त्यावर कॅमेरा लावायची पद्धत जुनी असली तरी दक्षिणेतल्या बहुतेक काउंट्यांत आमिष आणि खाद्य घालायला बंदी आहे आणि खनिज-मिठाची वडीही त्यात येते. कारण आहे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सीडब्ल्यूडी. बिघडलेल्या प्रथिनांमुळे, म्हणजे प्रायॉनमुळे होणारा हा मेंदूचा रोग. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली सापडला. त्यावर औषध नाही, आणि एकाच जागी तोंड घालणाऱ्या हरणांत तो पसरतो. म्हणून आपली काउंटी कुठल्या यादीत आहे आणि तपासणीसाठी मारलेल्या हरणाचं डोकं ठेवायची पेटी कुठे आहे, हेही याच दिवसांत बघून ठेवा. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये राहू द्या. रोगी निघालं तर खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. कॅमेरा शक्यतो उत्तरेकडे तोंड करून लावा, उगवत्या-मावळत्या उन्हाने फोटो वाया जातात. समोरचं गवत कापा, नाहीतर डुलणाऱ्या पात्यांचे शेकडो फोटो मिळतील. आणि दर रविवारी कार्ड काढायला जाऊ नका.

रानात जाताना पँट मोज्यात खोचा आणि कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारा. मे ते जुलै या काळात खसखशीएवढ्या बाल-गोचिड्या सर्वांत जास्त असतात आणि त्या लाइम रोग देतात. घरी आलं की आंघोळ, गुडघ्यामागे आणि काखेत तपासणी. पिवळ्या छत्रीसारख्या फुलांचं जंगली पार्सनिप दिसलं तर लांब राहा. त्याचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने जात नाही. जूनमध्ये गवतात एकटं पडलेलं पाडस दिसेल. ते पोरकं नसतं. आई जवळपास चरत असते, तुम्ही निघून गेल्याशिवाय ती येणार नाही.

सप्टेंबर लागला की हा सगळा मांडलेला संसार विस्कटतो. मखमल गळते, नरांची टोळी फुटते, सोयाबीनची पानं पिवळी पडतात आणि शेतं ओस होतात. काही नर आपला मुलूखच बदलतात. जुलैत रोज दिसणारा नर कॅमेऱ्यावरून गायब झाला तर तो मेला किंवा चोरून मारला असं लगेच समजू नका. माद्या मात्र बहुधा त्याच परिसरात राहतात, आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात माज ऐन भरात असताना नर त्यांच्याच मागे येतात. माद्यांच्या वाटा वहीत का लिहायच्या, ते इथे कळतं.

त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी, दुर्बीण शेतावरून काढा आणि ओकच्या शेंड्यांकडे वळवा. पांढऱ्या ओकची फळं एका वर्षात पिकतात, लाल ओकला दोन वर्षं लागतात. पांढऱ्यात तुरटपणा कमी, म्हणून हरणं आधी तीच संपवतात. सगळ्या झाडांना दरवर्षी फळ धरत नाही. ज्या पांढऱ्या ओकवर यंदा फळ लगडलंय त्याची खूण नकाशावर करा, तिथे यायची ओढ्याकडची वाट ठरवा, आणि धनुष्याचा हंगाम उघडेपर्यंत त्या बाजूला फिरकू नका.