त्वचेचा स्कॅफोल्ड बनवताय? या चुका टाळा

स्कॅफोल्ड म्हणजे पेशींना वाढायला आधार देणारा सच्छिद्र साचा. फ्रीझ ड्रायरमधून (गोठवलेल्या पदार्थातल्या बर्फाची थेट वाफ करून तो वाळवणारं यंत्र) पांढराशुभ्र, स्पंजासारखा तुकडा निघाला की मुलांना वाटतं, काम झालं. नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये दर वर्षी नवी मुलं येतात आणि नेमकी इथेच घाई करतात.

सगळ्यात जास्त बॅचेस मरतात त्या अर्धवट धुण्यामुळे. कोलॅजन (त्वचेतलं प्रथिन) आणि कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) यांचा स्कॅफोल्ड पाण्यात विरघळू नये म्हणून आपण तो ग्लुटाराल्डिहाइडने घट्ट करतो. शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच हे रसायन. जंतू मारणारं द्रव्य फायब्रोब्लास्टना, म्हणजे स्कॅफोल्डवर वाढवायच्या त्वचेच्या पेशींना, कसं सोडेल?

दोन वर्षांपूर्वी एका कष्टाळू मुलाच्या पेशी सलग तीनदा एका रात्रीत मेल्या. त्याने सीरम बदललं, इन्क्युबेटर तपासला, पेशींची नवी व्हायल काढली. तीन आठवडे गेले. शेवटी मी विचारलं, "स्कॅफोल्ड किती वेळा धुतलास?" "दोनदा, मॅडम. सबमिशन जवळ आलं होतं." मग त्याला आधी ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये (उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड बांधून टाकणारं अमिनो आम्ल) रात्रभर ठेवायला लावलं, पुढे तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ पीबीएस (पेशींना सोसणारं खारं द्रावण) बदलायला लावलं. चौथ्या वेळी पेशी छान पसरल्या.

तेव्हापासून माझा नेम आहे: पेशी टाकण्याआधी स्कॅफोल्डचा तुकडा ३७ अंशांवर २४ तास मीडियात (पेशी वाढवायचं पोषक द्रव) भिजवायचा आणि तो मीडिया साध्या प्लेटमधल्या पेशींना द्यायचा. त्या मेल्या, तर परत धुवायला घ्या. कायटोसान विरघळवायला वापरलेलं ॲसेटिक ॲसिड राहिलं असेल तर गुलाबी मीडिया पिवळा पडतो, तेही दिसतं. 'एवढा वेळ कुठे आहे' म्हणणाऱ्यांना मी त्या तीन आठवड्यांची आठवण देते.

दुसरी चूक गोठवण्यातली. बर्फाचे स्फटिक जिथे असतात तिथेच पुढे छिद्रं होतात. झटकन गोठवलं तर स्फटिक बारीक, छिद्रंही बारीक, आणि पेशी वरवरच राहतात. कृत्रिम त्वचेवर काम करणारे संशोधक यानास यांच्या गटाने १९८९ मध्ये गिनिपिगच्या जखमांवर दाखवलं की त्वचेसाठी साधारण २० ते १२५ मायक्रॉनची छिद्रं उपयोगी पडतात. म्हणून एकदा स्टीलच्या ट्रेमध्ये, एकदा प्लास्टिकच्या प्लेटमध्ये असं करू नका. धातूतून उष्णता लवकर निघून जाते आणि छिद्रं बदलतात.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली आणि ड्रायरमधला बर्फ वितळला, तर द्राक्षाचा बेदाणा व्हावा तसा स्कॅफोल्ड आक्रसतो. अशी बॅच परत गोठवून वाचत नाही. टाकून द्या, आणि मशीन बॅकअपवर घ्या.

निर्जंतुक करायला कोलॅजन ऑटोक्लेव्ह करू नका (दाबाखालच्या वाफेत तापवू नका), त्याचं जिलेटिन होतं. यूव्हीवर (अतिनील किरणांवर) भिस्त ठेवू नका, ती पृष्ठभागाच्या खाली फारशी पोचत नाही. पावसाळ्यात स्कॅफोल्ड सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

पेशी टाकताना लगेच वेल (प्लेटमधला खळगा) भरून मीडिया ओतू नका. त्या वाहून प्लेटच्या तळाला जातात. मी ५० मायक्रोलिटरचा थेंब टाकून इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन तास थांबते. एमटीटी चाचणीच्या (जिवंत पेशी जांभळ्या रंगावरून मोजतात ती) वेळी पेशी नसलेला एक स्कॅफोल्डही सोबत चालवा. जांभळा रंग स्पंजात अडकतो, आणि तो वजा न करता काढलेला आलेख मी सही न करता परत पाठवते.